झाकली मूठ आणि शनिवारची सभा

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यापारी घरातील मुलाला पाढ्यांच्या बरोबरीने शिकवली जाते. खरेदीचा भाव सांगू नये, कोणत्या गावचा माल कोणाकडून येतो ते सांगू नये आणि उधारी बुडाली असेल तर तिचा उच्चारही करू नये. यात लबाडी नाही. बाजारात पत हेच भांडवल असते आणि पत दुसऱ्यांच्या तोंडी असते. म्हणून आपले तोंड जपावे, असा तो साधा हिशेब आहे. मी स्वतः दुकानाच्या गादीवर बसलो नाही. एम.कॉम. झाल्यावर १९८० साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो आणि २०१८ साली निवृत्त झालो. पण तेथेही रुजू होताना पहिल्या काही सह्यांतली एक सही गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर करावी लागली. घरी मौन आणि कचेरीतही मौन, अशा दुहेरी संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला गेली दीड-दोन वर्षे पुण्यातील एका सभेने विचारात पाडले आहे. त्या सभेतील माणसे एकमेकांना बहुधा अनोळखी असतात, एकाच व्यवसायातील असतात, पुष्कळदा स्पर्धकही असतात. आणि तरीही उभे राहून सांगतात, की आमचे काम अमुक ठिकाणी फसले, तुम्ही तेथे सांभाळा.

ही सभा मोबाइल फोनवरील ॲप तयार करणाऱ्यांची आहे. महिन्यातून एका शनिवारी सकाळी दहा वाजता, बाणेरकडील एका कंपनीने सुट्टीच्या दिवशी मोकळे ठेवलेल्या सभागृहात ती भरते. वर्गणी नाही, अध्यक्ष नाहीत, हारतुरे नाहीत. चाळीस-पन्नास खुर्च्या, एक पडदा आणि मागच्या बाजूला चहाची किटली, एवढाच सरंजाम. महाविद्यालयातील मुले असतात, मोठ्या कंपन्यांतील नोकरदार असतात, घरातूनच काम करणाऱ्या दोन-चार स्त्रिया असतात. प्रत्येक वक्त्याला वीस मिनिटे आणि त्यानंतर प्रश्नांना दहा मिनिटे, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. दुसरा नियम असा, की येथे कोणी आपला माल विकायचा नाही. तिसरा नियम लिहिलेला नाही, पण तोच खरा आहे : काय साधले यापेक्षा काय अडले आणि ते कसे सुटले, हे सांगायचे.

मला तेथे नेले माझ्या पुतणीने. ती संगणक अभियंता आहे. “काका, वर्तमानपत्राची घडी दिवसातून किती वेळा घालाल? एकदा चला तर खरे,” असे म्हणून तिने मला गाडीत बसवले. मी गेलो तो केवळ कुतूहलापोटी. पहिल्या अर्ध्या तासात निम्मे शब्द डोक्यावरून गेले. परंतु दुसरा वक्ता उभा राहिला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण तो चक्क पैशांच्या हिशेबाविषयी बोलत होता.

त्याने पडद्यावर संगणकाला एक बेरीज करायला सांगितली : ०.१ अधिक ०.२. उत्तर आले ०.३०००००००००००००००४. सभागृहातील जाणकार हसले. माझ्यातला बँक अधिकारी मात्र दचकला. मग त्या तरुणाने कारण समजावून दिले. आपण दशमान पद्धतीत एक तृतीयांश ही संख्या लिहू लागलो तर ०.३३३ असे लिहीतच राहतो, ती कधी पूर्ण होत नाही. संगणक दोनच अंकांच्या, म्हणजे द्विमान पद्धतीत लिहितो. त्या पद्धतीत एक दशांश हीच संख्या अशी अपुरी राहते. संगणक ती कोठेतरी तोडतो आणि तो तुकडा पुढील बेरजांत डोके वर काढतो. हजारो नोंदी झाल्या की ताळेबंदाला पैशांचा फरक पडू लागतो. उपाय सोपा होता : रक्कम रुपयांत न साठवता पैशांत साठवावी. दहा रुपये पन्नास पैसे म्हणजे १०५० पैसे. पूर्णांक आला की अपूर्णांकाची कटकट संपली. दाखवताना तेवढे रुपये दाखवावेत.

प्रश्नांच्या वेळी मी धीर करून हात वर केला. आमच्या काळात रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत शाखेत बसून आम्ही फरक शोधत असू, त्यातील एक-दोन युक्त्या त्या मुलांना सांगितल्या. फरकाच्या रकमेला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कोणीतरी दोन अंकांची अदलाबदल केली असण्याचा संभव असतो. ७२ च्या ठिकाणी २७ लिहिले तर फरक ४५ येतो, त्याला नऊने भाग जातो. आणि फरक निम्मा करून ती रक्कम वहीत सापडली, तर जमेची नोंद नावे पडली असे समजावे. मुलांनी ते चक्क टिपून घेतले. एकाने विचारले, “सर, हे कोठे छापलेले आहे का?” मी म्हणालो, “आमच्या हेड कॅशियरांच्या डोक्यात छापलेले होते.” त्या दिवसापासून मी त्या सभेचा नियमित श्रोता झालो.

तेथे ऐकलेल्या गोष्टींपैकी आणखी दोन व्यापारी वाचकांनाही उपयोगाच्या वाटतील. एका मुलीने आपल्या ॲपमध्ये ग्राहकाच्या नावाचे आद्याक्षर एका वर्तुळात दाखवले होते. इंग्रजी नावांचे सर्व ठीक चालले; पण ‘क्षितिज’ या नावाचे आद्याक्षर नुसते ‘क’ असे दिसू लागले आणि ‘श्रेया’चे ‘श’. कारण संगणकाच्या दृष्टीने ‘क्षि’ हे एक अक्षर नसून क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत. १९९१ साली सुरू झालेल्या युनिकोड या जागतिक लिपिव्यवस्थेत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग दिलेला आहे. त्या जागा जोडाक्षरांच्या नसून सुट्या चिन्हांच्या आहेत आणि जोडाक्षर पडद्यावर उमटताना घडते. ज्याने हे जाणले नाही तो आपल्या मातृभाषेचे तुकडे पाडतो. त्या मुलीने हे सांगितले तेव्हा मला शाळेतले शुद्धलेखनाचे गुरुजी आठवले. त्यांना हा युक्तिवाद फार आवडला असता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एका तरुणाच्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधील सर्व संपर्क क्रमांक वाचण्याची परवानगी मागितली होती. गरज नव्हती, पण पुढे-मागे उपयोगी पडतील म्हणून. एका वयस्क महिलेने त्याला विचारले, “माझ्या बहिणीचा नंबर तुम्हाला कशाला हवा?” त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्याने ती मागणी काढून टाकली आणि सभेत येऊन तसे सांगितले. कर्ज देणाऱ्या काही ॲपनी हेच क्रमांक वापरून कर्जदाराच्या नातेवाइकांना छळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार कर्जाच्या ॲपना संपर्कयादी व कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई केली, आणि २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. दुकानाच्या खातेवहीत गिऱ्हाइकाच्या घरची माहिती असली तरी ती वही आपण चव्हाट्यावर ठेवत नाही; फोनमधील वहीलाही तोच न्याय लागू आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मार्केट यार्डात भुसार मालाचा घाऊक व्यापार करतात. वडिलांनी सुरू केलेली पेढी त्यांनी वाढवली. आसपासच्या तालुक्यांतील किराणा दुकानदार आमचे गिऱ्हाईक. पुतणीने, म्हणजे दादांच्याच मुलीने, पेढीसाठी एक ॲप तयार केले. फिरता विक्रेता दुकानदाराकडे गेला की त्याची मागणी फोनमध्ये नोंदवायची, वसूल झालेली रक्कमही नोंदवायची. पेढीवर ती आपोआप उमटावी आणि थकबाकी असेल त्याला आठवणीचा संदेश जावा, अशी योजना. सात-आठ महिने उत्तम चालले. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र दोन गोष्टी घडल्या.

पानशेतच्या बाजूला, जेथे फोनला धड रेंज नसते, तेथे विक्रेत्याने एक मागणी नोंदवली. रेंज आल्यावर फोनने ती पेढीकडील संगणकाला, म्हणजे सर्व्हरला पाठवली. ती पोहोचली; पण ‘पोहोचली’ ही पावती परत येण्याआधीच रेंज गेली. फोनने समजून घेतले की पहिली पोहोचलीच नाही, आणि तीच मागणी पुन्हा पाठवली. सर्व्हरने ती नवी समजून नोंदवली. ऐन सणात एकाच दुकानदाराच्या दारात एकाच मालाचे दोन टेम्पो उभे राहिले. हे निस्तरता आले. दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी होती. एका जुन्या दुकानदाराने सकाळी अकरा वाजता रोख पैसे दिले, विक्रेत्याने फोनमध्ये नोंदही केली; पण फोनला संध्याकाळपर्यंत रेंज मिळाली नाही. दुपारी चार वाजता सर्व्हरने आपल्या हिशेबाप्रमाणे त्या दुकानदाराला थकबाकीचा संदेश धाडला. वडिलांच्या काळापासूनचे ते गिऱ्हाईक. त्यांचा फोन आला तो दादांनीच घेतला. “तुमच्या वडिलांनी मला कधी चिठ्ठी पाठवली नव्हती,” एवढेच ते बोलले. दादा दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांच्या दुकानी जाऊन आले आणि परत आल्यावर ॲप बंद करायला सांगितले.

पुतणीने दोन महिने खपून पहिला दोष दूर केला. दुसरा तिला सुटेना. तशात सभेच्या संयोजकांनी रेंज नसलेल्या भागात चालणाऱ्या ॲपवर बोलण्यासाठी कोणी पुढे यावे असे सुचवले आणि तिने आपले नाव दिले. घरी हे कळले तेव्हा दादांचा चेहरा उतरला. ते रागावले नाहीत. ते रागावतात तेव्हा सोसणे सोपे असते. ते शांतपणे मला म्हणाले, “औषध आपण घ्यावे आणि दुखणे मात्र गावाला सांगावे, ही कुठली रीत? त्या सभेत उद्या यार्डातलाच कोणी बसलेला असेल. तो बाहेर जाऊन सांगेल, की यांच्याकडे पैसे भरले तरी तगादा येतो. मग मी काय करायचे?” पुतणी म्हणाली, “पप्पा, आजवर मी तिथे बसून दुसऱ्यांच्या चुका ऐकल्या, त्यांतूनच शिकले. माझी पाळी आली की गप्प बसायचे का?” दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते, हीच अडचण होती. एकीकडे पंचावन्न वर्षांची पत, आणि दुसरीकडे तिने ज्यांच्याकडून घेतले त्यांचे ऋण.

मी त्यांना बँकेतील एक पद्धत सांगितली. एखाद्या शाखेत फसवणूक झाली की मुख्य कार्यालय सर्व शाखांना गोपनीय परिपत्रक पाठवत असे. त्यात फसवणूक कोणत्या मार्गाने झाली ते बारकाईने लिहिलेले असे. पण खातेदाराचे नाव नसे आणि शाखेचेही नसे. आम्ही ते वाचून आपापल्या काउंटरवर सावध होत असू. म्हणजे मौनाचे व्रत पाळणारी बँकदेखील एक गोष्ट मोकळेपणाने वाटत होती : दोषाची रीत. दोष कोणाचा हे झाकायचे, दोष कसा घडतो हे उघडे करायचे. मी कागदावर चार ओळी लिहिल्या : पेढीचे नाव नाही, गिऱ्हाइकाचे नाव नाही, मालाचे दर नाहीत, कोणाला किती उधारी देतो ते नाही. बाकी सर्व सांगावे. दादांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मीही येतो. मागे बसेन.”

त्या शनिवारी पुतणीने वीस मिनिटांत दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिल्या दोषाचा उपाय तिने असा मांडला : मागणीला क्रमांक पूर्वी सर्व्हर देत असे, म्हणजे मागणी पोहोचल्यावर. आता मागणी लिहिली जाते त्याच क्षणी फोन तिला स्वतःचा, दुसऱ्या कोणाशी जुळणार नाही असा क्रमांक देतो. तीच मागणी दहा वेळा पाठवली गेली तरी सर्व्हर क्रमांक पाहतो आणि एकदाच नोंदवतो. मला हे ऐकताना धनादेश आठवला. त्यावरचा क्रमांक एकदा वटला की तोच धनादेश पुन्हा पुढे आला तर बँक त्याचे पैसे देत नाही. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्येही प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो, तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. माझ्या शेजारी बसलेले दादा हलकेच म्हणाले, “आपल्या बिलबुकात नंबर आधी छापलेला असतो, माल नंतर निघतो. यात नवे काय?” खरोखरच नवे काही नव्हते. जुने शहाणपण नव्या यंत्राला शिकवायचे राहून गेले होते, इतकेच.

दुसऱ्या दोषावर मात्र चर्चा रंगली. एकाने सुचवले, संदेश एक तास उशिरा पाठवा. दुसरा म्हणाला, फोनने अधिक वेळा रेंज शोधावी. औषधांच्या वितरकासाठी असेच ॲप केलेल्या एका गृहस्थांनी आपलाही तोच घोळ झाल्याचे सांगितले. त्यांनी शेवटी संदेशच बंद केले होते. प्रश्नांची दहा मिनिटे संपत आली तेव्हा मागच्या रांगेतून दादा उभे राहिले. आपण कोण हे त्यांनी सांगितले नाही. “मी व्यापारी आहे. संगणकातले मला कळत नाही,” त्यांनी सुरुवात केली. “पण आमच्या पेढीवर रोजमेळ बसल्याशिवाय कोणाला तगादा जात नाही. जो वसुलीला गेला आहे तो परत येऊन पावतीपुस्तक टेबलावर ठेवतो, मग मेळ बसतो. एक माणूस जरी बाहेर असला, तरी त्याच्या गावांना त्या दिवशी तगादा नाही. तुमच्या यंत्राला कोण परत आले आणि कोण आले नाही, हे कळते का?”

सभागृह क्षणभर शांत झाले. मग पुतणी म्हणाली, “कळते. प्रत्येक फोन शेवटचा कधी बोलला, ते सर्व्हरला माहीत असते. ते मी विचारातच घेतले नव्हते.” पुढच्या पाच मिनिटांत मुलांनी फळ्यावर नियम लिहून काढला : ज्या विक्रेत्याच्या फोनने त्या दिवशीच्या सर्व नोंदी पाठवल्याचे कळवलेले नाही, त्याच्याकडील कोणत्याही दुकानदाराला संदेश पाठवायचा नाही. औषध वितरकाचे काम करणाऱ्या गृहस्थांनी तो फळा फोनमध्ये टिपून घेतला. कोणी यंत्र वेगवान करू पाहत होते, कोणी हुशार करू पाहत होते. दादांनी त्याला फक्त थांबायला शिकवले.

चहाच्या वेळी दादांना ज्याची भीती होती तेच घडले. एक तरुण जवळ येऊन नमस्कार करून म्हणाला, “काका, आमचीही यार्डातच पेढी आहे. मी तुम्हाला ओळखले.” दादांनी त्याच्या आजोबांची चौकशी केली. तरुणाने मग फिरत्या विक्रेत्यांविषयी, वसुलीविषयी एकामागून एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. दादा हसून म्हणाले, “दर विचारू नकोस, बाकी काय ते विचार.” दोघे पाऊण तास बोलत उभे होते. त्या तरुणाने बाहेर जाऊन आमची काही अपकीर्ती केल्याचे अजून तरी कानी आलेले नाही.

सर्व काही सुरळीत झाले, असे मात्र लिहिता येणार नाही. ॲप पुन्हा सुरू झाले आहे, पण निम्म्याच दुकानांपुरते. ज्या जुन्या दुकानदाराला तो संदेश गेला, ते मागणी अजूनही फोनवर बोलूनच देतात आणि दादांनी त्यांचे नाव संदेशांच्या यादीतून कायमचे काढून टाकायला लावले आहे. दुखावलेले मन कोणत्याही नियमाने पूर्ववत होत नाही. पण पुढच्या कोणाचे तसे दुखावू नये एवढी तजवीज झाली, आणि ती त्या सभेमुळे झाली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या निमित्ताने एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. द्विनोंदी जमाखर्चाची जी पद्धत आज जगभर चालते, ती लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या गणिताच्या ग्रंथात मांडली. पद्धत त्याने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती सर्वांना वाचता येईल अशी लिहून काढली. त्यामुळे कोणा व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक तुटले नाही. उलट एकाची वही दुसऱ्याला वाचता येऊ लागली आणि दूरच्या माणसावर विश्वास टाकणे सोपे झाले.

संगणकाच्या व्यवसायालाही अशाच सभांनी आकार दिला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे ५ मार्च १९७५ रोजी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी जमली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. त्या पहिल्या बैठकीला स्टीव्ह वॉझनिॲक हे तरुण अभियंते हजर होते. पुढे त्यांनी घडवलेल्या संगणकाचा आराखडा ते त्या क्लबात मोकळेपणाने वाटत असत. तोच संगणक ‘ॲपल वन’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि १ एप्रिल १९७६ रोजी ॲपल कंपनी स्थापन झाली. परंतु या इतिहासाची दुसरीही बाजू आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी अशा हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कष्टाने तयार केलेली ‘अल्टेअर बेसिक’ ही प्रणाली लोक पैसे न देता नकलून घेत होते, आणि गेट्स यांनी तिला सरळ चोरी म्हटले. ज्या क्लबात आराखडे वाटले जात, त्याच्याच वार्तापत्रात हे पत्रही छापले गेले.

वॉझनिॲक आणि गेट्स यांतील एकालाच बरोबर ठरवण्याची गरज मला वाटत नाही. वॉझनिॲक स्वतःचे वाटत होते. गेट्स यांची तक्रार दुसऱ्याचे वाटले जात असल्याबद्दल होती. हा भेद आपल्या व्यवहारात स्पष्ट आहे. माझा अनुभव मी देऊ शकतो. माझ्या गिऱ्हाइकाची माहिती, माझ्या मालकाचा माल किंवा माझ्या भागीदाराचा आराखडा मला देता येत नाही. दादांच्या खिशातील त्या चार ओळींचा अर्थ तोच होता.

अशा सभांचे गुणगान करताना त्यांतील उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. काही जण केवळ नोकरीच्या शोधात येतात आणि चहा झाला की निघून जातात. नाव दिलेले वक्ते आयत्या वेळी येत नाहीत. भाषण मराठी मुलाचे, श्रोते मराठी मुले, पण बोलणे बरेचसे इंग्रजीत चालते, आणि छोट्या गावातून आलेला विद्यार्थी प्रश्न मनात असूनही गप्प बसतो. तरीदेखील, ज्या ज्ञानासाठी अन्यत्र हजारो रुपयांचे शुल्क भरावे लागते, ते तेथे एका सकाळच्या बदल्यात मिळते. शिवाय ते ताजे असते, नुकतेच ठेच लागलेल्या माणसाच्या तोंडचे असते.

आपल्या समाजात मेळावे कमी नाहीत. गुणवंतांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, यशस्वी उद्योजकांची व्याख्याने होतात. ते योग्यच आहे. पण एखाद्या कापड व्यापाऱ्याने उभे राहून, हंगामाचा अंदाज कसा चुकला आणि गुदामात माल का पडून राहिला हे सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. एखाद्या तरुणाने ऑनलाइन दुकान काढले, परत आलेल्या मालाच्या खर्चाने ते बुडाले, तर ती कहाणी घराच्या चार भिंतींत राहते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या घरातील मुलगा तीच वाट तुडवतो. पहिल्याने मोजलेली किंमत दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. हिशेबी समाजाला हा व्यवहार परवडणारा नाही.

म्हणून एक सूचना करतो. प्रत्येक गावी महिन्यातून एक रविवार, सकाळची दोन तासांची वेळ. बोलणारे दोघेच, एक वयाने मोठा, एक तिशीच्या आतला. प्रत्येकी वीस मिनिटे, नंतर प्रश्न. सत्कार नाही, माल विकणे नाही. गिऱ्हाइकाचे नाव, दर आणि उधारीचे आकडे यांना दाराबाहेर ठेवायचे. बाकी जे घडले ते सांगायचे. घरातील मुली आणि सुना यांनाही, त्या आज अनेक ठिकाणी हिशेब व ऑनलाइन व्यवहार सांभाळतात, बोलण्याचे निमंत्रण असावे. सभागृहे आपल्याकडे आहेत, चहा करणारे हात आहेत. पहिला बोलणारा मिळणे तेवढे अवघड आहे. बहुधा तो आपल्यातील एखादा पांढऱ्या केसांचा, पत कमावून बसलेला माणूसच असावा लागेल, कारण दोन शब्द बोलून त्याची पत उणी होणार नाही, आणि तो बोलला की तरुणांना धीर येईल.